तिमाहीचं पत्र

"मावशी, तुमचा टॉवेल कोरडा कसा?"

ठकूने तो पिवळा टॉवेल चहाच्या कपांच्या मधोमध आणून ठेवला, आणि मावशींच्या हातातली गाळणी तशीच किटलीवर थांबली. एक थेंब... दोन थेंब... टेबलावर चहाचा डाग पसरत गेला, तरी ते तिच्या ध्यानात आलं नाही.

"पोहून आलात ना आत्ता? केस ओले आहेत तुमचे. पण टॉवेल कोरडा ठणठणीत, आणि पोहायच्या कपड्यांची तर घडीसुद्धा मोडलेली नाही. आपली शंका आली म्हणून विचारलं, बाकी काही नाही."

"येताना ऊन होतं... वाळला असेल."

"पिशवीत? पिशवीत ऊन पडतं का, मावशी?"

तिने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी त्यांनी एखादी कोटी करून विषय उडवून लावला असता. आज ते खाली मान घालून मुरंब्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलंच नाही! ठकूच्या प्रश्नापेक्षा ते न पाहणंच तिला जास्त लागलं. ती टॉवेल उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली, म्हणजे निदान हुंदका तरी बाहेर ऐकू जाणार नव्हता.

ठकू ही नवऱ्याची पहिल्या बायकोची मुलगी. परदेशात, म्हणजे या परदेशाहूनही वेगळ्या परदेशात, एका मोठ्या कचेरीत ऑडिटर होती. दुसऱ्यांच्या कागदांत कुठे पाणी मुरतंय हे हुंगून काढायचं, हेच तिचं पोटापाण्याचं काम. बापाच्या या दुसऱ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्यात ठकू दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा तीन-तीन महिने आधी कळवून. या खेपेला मात्र चार दिवसांपूर्वी एक बॅग घेऊन दारात हजर! "सुट्टी मिळाली," एवढंच म्हणाली. पण सुट्टीवर आलेलं माणूस कपाटांचे कप्पे मोजत नाही, पत्रपेटीची किल्ली मागून घेत नाही, आणि बापाबरोबर गॅलरीचं दार लावून घेऊन बोलत नाही. कुणीतरी तिला बोलावून घेतलं होतं. कुणी? या घरात माणसं ती दोनच. तिने तर बोलावलं नव्हतं...

नवऱ्याने आयुष्यभर पूल बांधले होते. निवृत्त झाल्यावर मायदेशातलं सगळं विकून-सवरून ते तिला घेऊन या समुद्रकाठच्या गावात आले आणि त्यांनी हे घर विकत घेतलं. इथे ऊन भरपूर, औषधं स्वस्त, आणि पेन्शनीत माणूस राजासारखा राहतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याने ते साऱ्या जगालाच सांगितलं असावं, कारण या इमारतीच्या सहा मजल्यांवर आठ-दहा देशांचे पेन्शनर भरले होते. दर बुधवारी सगळे गच्चीवर जमत. सुरुवात गुडघ्यांपासून होई, पण दहा मिनिटांत गाडी गुंतवणुकीवर येई ती तिथेच मुक्काम ठोके. कुणाचे शेअर, कुणाची जमीन, कुणाचं सोनं! ज्याचा पैसा वाढत असेल त्याची खुर्ची सावलीत, असा तिथला अलिखित नियमच होता. पुलांच्या इंजिनीअरची खुर्ची सगळ्यात गार सावलीत असे. गच्चीवरची मंडळी त्यांना अर्थमंत्री म्हणत, आणि त्यांना ते नाव मनापासून आवडे.

कारण अर्थमंत्र्यांनी आपली जवळजवळ सगळी पुंजी एकाच कंपनीत लावली होती. म्हाताऱ्या माणसांसाठी विश्रामगृहं बांधणारी कंपनी. "म्हातारे काय, वाढतच जाणार! हा पूल पडायचा नाही," असं ते सांगत. दर तिमाहीला कंपनीचं पत्र येई. ते जेवणाच्या टेबलापाशी उभे राहून ते पत्र वाचून दाखवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "बघ, मी नसलो तरी तुला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही." त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई, त्याच्यासाठी तिने काय केलं नसतं!

आणि तिने ते केलंही होतं.

तीन वर्षांपूर्वी ते छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडले होते, आणि त्याच आठवड्यात ते शेवटचं पत्र आलं. कंपनी बुडाली. पैसे परत मिळण्याची शक्यता नाही. इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून तिने ते चारदा वाचलं. नुकतंच वर डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यांना कसलाही धक्का लागता कामा नये. पुढचा झटका सोसणार नाही." तिने पत्र पोलक्यात खोचलं, डोळे पुसले आणि हसतमुखाने त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "कंपनीचं पत्र आलं का गं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "येईल की, आज-उद्या," ती म्हणाली... आणि त्या एका वाक्यात तिच्या पुढच्या तीन वर्षांचं कर्म लिहिलं गेलं!

तिच्या आईने तिच्या नावे ठेवलेलं दोन खोल्यांचं घर होतं. पुढेमागे नवऱ्याचं काही बरंवाईट झालंच, तर परत जाऊन अंग टाकायला तेवढीच एक हक्काची जागा. ती तिने फोनवरच्या फोनवर विकली. पैसे आपल्या खात्यात घेतले आणि दर तिमाहीला, कंपनी देत असे तेवढीच रक्कम, घरखर्चाच्या खात्यात भरत राहिली. दुखण्यानंतर बँकेची कामं तिच्याकडेच होती. राहिलं पत्र. पण ती मूळची बुकबाइंडर. आयुष्य कागदात गेलेलं. पोहण्याच्या तलावामागच्या गल्लीत एक बाइंडिंगचं दुकान होतं, तिथे तिने सकाळचं तीन तासांचं काम धरलं. तिथल्याच संगणकावर जुन्या पत्राबरहुकूम पत्र तयार केलं, तसाच कागद मिळवला आणि येताना खालच्या पत्रपेटीत टाकलं. घरी सांगितलं, पोहायला जाते, डॉक्टरांनी सांधे सांभाळायला सांगितलंय. निघताना दुकानाच्या नळाखाली डोकं भिजवायचं, नखांतली खळ खरवडायची आणि घर गाठायचं. तीन वर्षांत बारा पत्रं झाली. बारावं आज सकाळीच पेटीत टाकलं होतं. घराचे पैसे आता आणखी दोन पत्रांपुरते उरले होते, आणि त्यापुढे काय, हा विचार ती करतच नसे.

केस भिजवायचं सुचलं, पण टॉवेल भिजवायचं तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही! या विचाराने तिला त्याही स्थितीत क्षणभर हसू आलं.

"मावशी, जरा बाहेर या," ठकूचा आवाज आला.

बाहेरच्या खोलीत टेबल साफ केलेलं होतं. त्यावर दोन गठ्ठे. अर्थमंत्री खुर्चीत, हात मांड्यांवर. ठकू उभी.

"बसा. ही आठ पत्रं पहिल्या दोन वर्षांतली. आणि ही बारा नंतरची. आजचं मी आत्ताच पेटीतून आणलं. त्याच्यावर टपालाचा शिक्काच नाही, मावशी. कंपनीचा माणूस स्वतः येऊन टाकून जातो का?"

ठकूने दुसरा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"मी कालच चौकशी केली. ही कंपनी तीन वर्षांपूर्वी बुडालीय. मग दर तिमाहीला पैसे येतात कुठून? तर तुमच्या खात्यातून! याचा अर्थ सरळ आहे. बाबा इस्पितळात असताना, बुडायच्या आधी, तुम्ही सगळे पैसे काढून घेतलेत. आणि आता त्यांचेच पैसे त्यांना चिमटी-चिमटीने देताय, खोट्या पत्रांबरोबर. मी चुकतेय का? चुकत असेन तर सांगा."

चोर! अकरा वर्षांच्या संसारानंतर, आपल्याच जेवणाच्या टेबलावर, चोर! 'चुकतेयस गं बाई' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण समोर नवऱ्याचा एक हात मांडीवरून उचलला जाऊन छातीकडे गेला होता, आणि तो हात पाहताच ते शब्द तिथेच विरले. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमचा पूल पडला? की आयुष्यभराचं सगळं पाण्यात गेलं, आणि तीन वर्षं तुम्ही सावलीतल्या खुर्चीत उगाच बसलात? तो धक्का...! त्यापेक्षा ठकूनेच तर वाट काढून दिली होती. पैसे आहेत. फक्त चोराकडे आहेत.

"नाही चुकत," ती म्हणाली. आपला आवाज इतका शांत येईल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "मीच काढले. बुडायच्या आधी. सगळे आहेत." मग नवऱ्याकडे वळून, अगदी रोजच्या सुरात, "एक छदामही गेलेला नाही, अहो. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

अर्थमंत्र्यांनी डोळे मिटून घेतले. ठकू मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिली. पंधरा वर्षं तिने चोर पकडले होते. पकडला गेलेला चोर रडतो, चिडतो, वकिलाचं नाव काढतो. ज्याला लुबाडलं त्याच्या जिवाची काळजी करताना तिने एकही पाहिला नव्हता.

"मग कागद दाखवा," ठकू म्हणाली.

"कागद नंतर. मी निघते." ती उठली. आतून आपली कापडी पिशवी घेतली. दोन लुगडी, औषधाची डबी, घडी घालायची हाडाची पट्टी... आणि उशीखालची हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही. ती पिशवीत सरकवताना ठकूने पाहिली आणि झटकन काढून घेतली.

"ती नको!" ती किंचाळली. "ठकू, पाया पडते तुझ्या, तेवढी वही नको गं!"

पण ठकूने वही उघडली होती.

बाइंडर कागद टाकत नाही. बापाच्या दुकानात पहिला रट्टा तिने याच गोष्टीसाठी खाल्ला होता, आणि जी सवय रट्ट्याने लागते ती जन्माची असते. दुसऱ्या कुणीही जे कागद जाळून टाकले असते, ते तिने नीट जुळवून, शिवून, पुठ्ठा चढवून ठेवले होते! पहिलं पान, कंपनी बुडाल्याचं पत्र. त्याच्यामागे दोन खोल्यांच्या विक्रीचं खत. मग बँकेच्या बारा पावत्या, ओळीने. आणि शेवटी बाइंडिंगच्या दुकानातल्या पगाराच्या चिठ्ठ्या.

ठकूने शेवटचं पान वाचलं, परत पहिल्या पानावर आली आणि पुन्हा सगळं वाचलं. मग ती हळूहळू खाली फरशीवरच बसली.

"बाबा... चोरी झालेलीच नाही. पैसे खरोखरच बुडालेत. तीन वर्षं तुम्ही जे खाताय ना, ते यांच्या आईचं घर आहे."

"ठकू! त्यांना नको सांगूस! त्यांचं हृदय..." ती धावत नवऱ्याकडे गेली, त्यांचा हात हातात घेतला, नाडी चाचपू लागली. हात गार होता, पण नाडी चालू होती. आणि ते रडत होते. आवाज न करता, लहान मुलासारखं नाक ओढत रडत होते.

"पत्रं तुझी आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ते म्हणाले.

तिला काही अर्थबोधच होईना.

"कंपनीचं पत्र यंत्राने दुमडलेलं असायचं, वेडंवाकडं. एक कड बोटभर बाहेर. इस्पितळातून आल्यावर पहिलं पत्र उघडलं, तर कडेला कड, आणि घडी अशी की बोट कापेल. तुझ्या दुकानात मी हिचे, ठकूच्या आईचे कागद बांधायला घेऊन आलो होतो, आठवतं? तासभर नुसता तुझे हात बघत बसलो होतो. ती घडी मी ओळखणार नाही?" त्यांनी डोळे पुसले. "मग मी बँकेत विचारलं. पैसे तुझ्या खात्यातून येतात म्हणाले. कंपनी बुडाल्याचंही कळलं. आणि मला वाटलं... मला वाटलं, तू आधीच काढून घेतलेस."

"तुम्हाला वाटलं?" ती पुटपुटली.

"विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं, आणि तू निघून गेलीस तर? पैसे गेले तर गेले, पण तू घरात हवी होतीस. तीन वर्षं गप्प बसलो. आता वाटायला लागलं, माझ्यामागे ठकूला या भिंतींपलीकडे काही उरायचं नाही, म्हणून मीच तिला बोलावलं. सकाळपासून तोंड उघडायचा प्रयत्न करतोय..."

तिने त्यांचा हात सोडला. इतकी वर्षं सोसलेलं सगळं, नळाचं गार पाणी, दुखरी बोटं, विकलेल्या घराच्या उंबऱ्याची आठवण, सारं एकदम उसळून आलं.

"घडी ओळखलीत!" ती म्हणाली. "माझ्या हातची घडी ओळखलीत, आणि मला नाही ओळखलंत? मी तुमच्या काळजाला जपत होते हो... आणि तुम्ही तीन वर्षं एका चोराच्या हातचा चहा पीत होतात! गोड लागत होता का?"

फरशीवरून ठकू म्हणाली, "मावशी, मला मारा. मी सकाळी तो टॉवेल..."

तिने पिशवीकडे पाहिलं. जायचं तर कुठे? ते घर तर बारा पाकिटांतून संपत आलं होतं. मग तिने पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन जागच्या जागी रिकामी केली.

"मी कुठेही जात नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "पण आजपासून तुमचा चहा तुम्ही करायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू टॉवेल घेऊन दारात उभी. "चला, मावशी. आज दुकानाला सुट्टी सांगितलीय मी. हा टॉवेल भिजल्याशिवाय मी परतीचं तिकीट काढणार नाही." दोघी तलावावर गेल्या. पोहता येत नव्हतं दोघींनाही. कठड्याला धरून दोघी तासभर नुसत्या पाण्यात उभ्या राहिल्या, आणि त्या तासात अकरा वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं झालं.

पण ठकू परत गेल्यावरही नवऱ्याशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. मीठ संपलंय. डॉक्टरांची वेळ चारची आहे. ते रोज सकाळी चहा करत, कधी पाणचट, कधी कडू जहर, आणि तिच्यासमोर ठेवत. ती प्यायची, पण चांगला-वाईट काही म्हणायची नाही. संशय एकदा घरात शिरला की त्याला बाहेर काढायला वेळ लागतो. ते एकटेच गॅलरीत फोनवर बोलत, दोनदा कुठेतरी बाहेर जाऊन आले, टेबलाच्या खणाला कुलूप दिसलं, आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. आता आणखी काय लपवतायत?

महिनाभराने तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई तिला जिन्यात भेटल्या. "काय हो, तुमच्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे? बुधवारी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, माझे सगळे पैसे तीन वर्षांपूर्वीच बुडालेत, मी बायकोच्या जिवावर जगतोय. आणि खुर्ची उचलून उन्हात जाऊन बसले! बाकीचेही गप्पच झाले बघा. मग एकेकाने तोंड उघडलं. आमच्या ह्यांनीसुद्धा कबूल केलं, सोन्याचं काय झालं ते. मला तर पत्ताच नव्हता!"

ती वर आली. ते झोपाळ्याच्या खुर्चीत डुलक्या घेत होते. कपाळ आणि नाक उन्हाने लाल झालं होतं. तिने साय आणून वाटी त्यांच्याजवळ ठेवली, पण उठवलं नाही.

तिमाही संपली. या खेपेला पत्र येणार नव्हतं, तरी दुकानातून येताना तिचा हात सवयीने पत्रपेटीकडे गेला. आत पाकीट होतं. तिच्या नावाचं. अक्षर सरळ, उभं, नकाशावर काढतात तसं. त्यावर टपालाचा शिक्काही होता. या गावातलाच. म्हणजे स्वारी चालत टपालकचेरीत गेली होती तर!

तिने तिथेच जिन्यात उभं राहून ते उघडलं. कागदाची घडी पार बिघडलेली होती. एकदा चुकून घातलेली, पुन्हा उलगडलेली, परत तिरकी घातलेली, आणि तरीही एक कड बोटभर बाहेर.

'सौ. यांस,

पहिल्या पत्नीचे कागद तुझ्याकडून बांधून नेले, त्या दिवशी तुला मी पैसे देऊ लागलो तर तू अर्धेच घेतलेस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या बाईने अनोळखी माणसाकडून पुरते पैसे घेतले नाहीत, तिच्यावर मी संशय घेतला. याची भरपाई नाही.

सोबत या घराचा कागद आहे. घर आता तुझ्या एकटीच्या नावावर आहे. ठकूने तिकडून तपासून सही केली आहे, ती म्हणते कागद पक्का आहे. मला राहू द्यायचं की नाही, हे तू ठरव.

यापुढे नफ्याचं पत्र येणार नाही.'

खाली सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात, 'घडी चारदा घातली. जमत नाही.'

अक्षरं धुरकट झाली. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडेल म्हणून तिने तो दूर धरला. मग ती वर आली, टेबलाशी बसली, हिरवी वही काढली, सुईत दोरा ओवला. सवयीने हात हाडाच्या पट्टीकडे गेला. ती तिरकी घडी मोडायची, कड छाटायची आणि कागद वहीच्या मापात आणायचा, एवढंच काम. तिने पट्टी उचलली... आणि परत ठेवून दिली. पत्र होतं तसं, चुरगळल्या घडीसकट वहीत शिवलं. त्याची कड बोटभर बाहेर राहिली.

स्वयंपाकघराच्या दारात ते चहाचा कप घेऊन उभे होते. तिने कप घेतला आणि एक घोट प्यायली.

"साखर विसरलात," ती म्हणाली. "उद्यापासून मी करते."